सेलचा किराणा, घरची चूल आणि दुकानाचे भांडवल
भांडुपच्या छोट्या व्यापाऱ्यांसाठी व कारागिरांसाठी काटकसरीचा हिशेब आणि काही सोपे पदार्थ

महिन्याचा पहिला आठवडा सुरू झाला की भांडुप स्टेशनच्या पश्चिमेला उतरणाऱ्या माणसाच्या कानावर पहिला शब्द पडतो तो 'सेल'. स्टेशन रोडवरच्या दुकानांत पाट्या लागतात, लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या मोठ्या दुकानांत ढकलगाड्या भरू लागतात आणि सोनापूर, टेंभीपाडा, खिंडीपाड्याच्या घराघरांत यादी तयार होते. किराणा स्वस्तात मिळावा असे कोणाला वाटणार नाही? पण आपला वाचक वर्ग बहुतांशी पगारदार नाही. तो शिवणकाम करतो, गॅरेज चालवतो, फर्निचर बनवतो, भंगाराचा धंदा करतो किंवा छोटेसे दुकान सांभाळतो. त्याच्या घरचा किराणा आणि त्याच्या धंद्याचे भांडवल हे एकाच गल्ल्यातून निघते. म्हणूनच सेलचा प्रश्न आपल्यासाठी केवळ गृहिणीचा प्रश्न राहत नाही. तो व्यापाराचाही प्रश्न आहे, आणि या पानावर त्याची चर्चा करण्याचे कारण तेच आहे.

पगाराचे भांडुप आणि रोजच्या कमाईचे भांडुप

एकेकाळी भांडुप हे कारखान्यांचे गाव होते. सिएट टायर, गेस्ट कीन विल्यम्स, एशियन पेंट्स अशा कारखान्यांच्या पाळ्यांवर येथील बाजार चालत असे. पगाराची तारीख ठरलेली असे. किराणा दुकानदाराच्या वहीत महिनाभर नोंद होई आणि पगाराच्या दिवशी खाते साफ होई. पुढे मुंबईच्या उपनगरांतील कारखानदारी आकसत गेली, कारखान्यांच्या जागांवर इमारती आणि मॉल उभे राहिले. कायम पगाराची जागा रोजंदारीने, पीसरेटने आणि छोट्या धंद्याने घेतली. बाजाराची रीत मात्र महिन्याचीच राहिली. कमाई रोजची आणि खरेदी महिन्याची, ही विसंगती आज अनेक घरांत उधारीचे मूळ आहे.

मोठ्या दुकानांचे युगही आपल्या शेजारीच सुरू झाले. डी-मार्टचे पहिले दुकान २००२ साली पवईत उघडले. भांडुपहून पवई ती किती लांब! त्यानंतर छापील किमतीपेक्षा कमी भावात माल मिळतो ही कल्पना सामान्य घरांत रुजली. पण स्वस्त किराण्याचा विचार मुंबईला त्याआधीही नवा नव्हता. १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत 'अपना बाजार'ची सहकारी चळवळ सुरू झाली. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायतीची स्थापना झाली. तिची पद्धत साधी आहे. शेजारपाजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करतात, महिन्याची यादी एकत्र भरतात, माल घाऊक भावात येतो आणि सभासद तो आपसांत वाटून घेतात. येथे जाहिरात नाही, झगमगाट नाही आणि कोणी पैसे उधळायलाही लावत नाही. स्वस्ताई पाटीवर नसते, ती खरेदीच्या रीतीत असते, हा या दोन्ही संस्थांचा धडा आहे.

सेलचे गणित कसे वाचावे?

व्यापारी माणसाला सेलचे गणित समजावून सांगण्याची गरज नसावी, कारण आपणही आपल्या दुकानात तेच करतो. एक-दोन मालांवर नफा सोडायचा, गिऱ्हाईक आत आणायचे आणि बाकीच्या मालावर तो भरून काढायचा. साखर, तेल, डाळ या रोजच्या वस्तू दाराशी स्वस्त ठेवतात आणि बिस्किटे, सरबते, तयार मसाले, प्लास्टिकची भांडी वाटेत मांडतात. साखरेसाठी गेलेला माणूस पिशवी भरून परततो. आश्चर्य एवढेच की दुकानात चाणाक्ष असलेला आपला माणूस गिऱ्हाईक झाला की हे सारे विसरतो.

सेलमध्ये जाताना तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट, किलोमागे भाव. समजा एक किलो रव्याचे पाकीट ४८ रुपयांना आहे आणि शेजारी 'खास सवलत' लिहिलेले ४५० ग्रॅमचे पाकीट २४ रुपयांना आहे. दुसरे स्वस्त वाटते. हिशेब केला तर ते किलोला ५३ रुपयांहून जास्त पडते. पाकिटाच्या छापील मजकुरात आता एकूण किमतीबरोबर ग्रॅममागे किंवा किलोमागे भावही द्यावा लागतो. वजनमाप कायद्याच्या पॅकबंद मालाच्या नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने ही सोय केली. अक्षर बारीक असते, पण ते वाचावे.

दुसरी गोष्ट, सवलत कशावर आहे? छापील किंमत ही जास्तीत जास्त किंमत असते, बाजारभाव नव्हे. तेलाच्या पिशवीवर १८० छापले असेल आणि दुकान १५० ला देऊन '३० रुपयांची बचत' म्हणत असेल, पण आपल्या गल्लीतला दुकानदार तीच पिशवी रोज १४८ ला देत असेल, तर बचत कसली? तुलना छापील किमतीशी करू नये, आपण मागच्या महिन्यात दिलेल्या भावाशी करावी. त्यासाठी एक छोटी वही पुरते. दहा-बारा वस्तूंचे भाव महिन्याला लिहून ठेवावेत.

तिसरी गोष्ट, तारीख. सेलमधला बराच माल मुदत जवळ आलेला असतो. त्यात गैर काही नाही. पंधरा दिवसांत संपणारे पाकीट पंधरा दिवसांत खाल्ले तर तो चांगला सौदा आहे. तेच पाकीट फळीवर पडून राहिले तर तो सौदा नव्हे, कचरा विकत घेणे आहे.

भांडवल कोठे अडकते?

आता मुख्य मुद्दा. समजा एका शिंपी कारागिराच्या घरचा महिन्याचा किराणा ६,००० रुपयांचा आहे. सेल पाहून त्याने ९,००० चा माल भरला. वरच्या ३,००० वर त्याला आठ टक्के सवलत मिळाली, म्हणजे २४० रुपये वाचले. घरात सगळे खूश. पण हे ३,००० रुपये अस्तर, दोरा, बटणे, कॅनव्हास यांच्या खरेदीसाठी होते. समजा या रकमेवर त्याला एका फेरीत दहा टक्के सुटतात आणि महिन्यात दोन फेऱ्या होतात, तर ६०० रुपयांची कमाई बुडाली. २४० वाचवून ६०० घालवले, म्हणजे ३६० चा तोटा झाला. आणि अस्तर नाही म्हणून एखादे काम परत पाठवावे लागले तर गिऱ्हाईक गेले ते वेगळेच.

आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. पण नियम पक्का आहे. धंद्याच्या हंगामात, जेव्हा प्रत्येक रुपया फिरत असतो, तेव्हा जादा किराणा भरू नये. उलट हंगाम संपताना, वसुली हातात आल्यावर आणि मंदीचे दोन महिने समोर असताना जो सेल येतो, तो आपल्या कामाचा असतो. शिंप्याला ईदपूर्वी श्वास घ्यायला फुरसत नसते आणि ईदनंतर मशीन झाकून ठेवावे लागते. तेव्हा ईदच्या कमाईतून डाळ-तांदूळ भरून ठेवणे ही खरी बेगमी. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्यामुळे मंदीचे महिने कधी उन्हाळ्यात येतात तर कधी पावसाळ्यात, हेही ध्यानात ठेवावे. पावसाळ्यात धान्य टिकवणे कठीण असते.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. एका वर्षी मे अखेरीस एका दुकानात रवा आणि मूगडाळ फार स्वस्त मिळाली म्हणून आम्ही दहा-दहा किलो उचलली. जुलैच्या मध्याला डबा उघडला तेव्हा रव्यात जाळी आणि डाळीत भुंगे होते. निवडून, पाखडून, उन्हाची वाट पाहत निम्मा माल वाया गेला. भांडुपमध्ये जुलैत ऊन कोठून आणायचे? त्या दिवसापासून घरात नियम झाला की पावसाळ्यात तीन आठवड्यांहून जास्त माल भरायचा नाही, मग भाव काहीही असो.

काय भरावे, काय टाळावे

भरण्याजोगा माल : तांदूळ, तूरडाळ, हरभराडाळ, मसूर, अख्खे हरभरे, सोयाबीनच्या वड्या, पोहे, साखर, मीठ, चिंच, सुकी मिरची. यांची मुदत मोठी असते आणि यांतून अनेक पदार्थ होतात.

टाळावा असा माल : दळलेले मसाले, कारण त्यांचा वास उडतो. सुकामेवा, कारण तो डब्यात राहत नाही, मुले राहू देत नाहीत. महिन्याच्या गरजेपेक्षा जास्त तेल, कारण डबा भरलेला असला की हात सैल सुटतो. आणि सुटे, विना-लेबल तेल तर मुळीच घेऊ नये. त्याच्या विक्रीला अन्नसुरक्षेच्या नियमांत मनाई आहे आणि त्यात भेसळ ओळखता येत नाही.

साठवण : रवा आणि दलिया आणल्याबरोबर कोरडा भाजून, पूर्ण गार करून डब्यात भरावा. तूरडाळीला थोडे एरंडेल तेल चोळावे. तांदळात कडुनिंबाची वाळलेली पाने किंवा लवंगा कापडात बांधून ठेवाव्यात. बोरिक पावडर लावण्याची जुनी रीत मात्र सोडून द्यावी, ती खाण्याची वस्तू नाही. नवा माल जुन्यावर ओतू नये. जुना आधी संपवावा. दुकानात आपण हाच नियम पाळतो, घरीही पाळावा.

शिधावाटप दुकानाकडे पाठ फिरवू नये हेही येथे सांगितले पाहिजे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्याखालील प्राधान्य कुटुंबांना माणशी महिना पाच किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षांसाठी ही सवलत वाढवण्यात आली. राज्य सरकारने २०२२ च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' म्हणून शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो हरभराडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल दिले होते. केंद्राने जुलै २०२३ मध्ये 'भारत डाळ' या नावाने हरभराडाळ ६० रुपये किलोने विकायला काढली होती. अशा योजना येतात आणि जातात, भावही बदलतात. पण ज्यांची शिधापत्रिका अद्ययावत नाही, नावे कमी-जास्त आहेत, त्यांना त्या असूनही नसल्यासारख्या असतात. दुकान बंद करून एक दिवस शिधावाटप कार्यालयात घालवणे जिवावर येते, पण तो दिवस फुकट जात नाही.

आता चुलीकडे

पुढील पदार्थ पाच माणसांच्या कुटुंबासाठी आहेत. एक सोडून सगळ्यांना लागणारा माल वरच्याच यादीतला आहे.

१. दुधीचा दालचा

साहित्य : तूरडाळ १५० ग्रॅम, हरभराडाळ १०० ग्रॅम, दुधी अर्धा किलो, कांदे दोन, टोमॅटो दोन, आले-लसूण वाटण एक मोठा चमचा, लिंबाएवढी चिंच, हळद, तिखट, मीठ, कढीपत्ता, जिरे, तेल तीन चमचे.

कृती : हरभराडाळ तासभर भिजवावी. दोन्ही डाळी हळद घालून मऊ शिजवाव्यात व घोटाव्यात. तेलात जिरे, कढीपत्ता व उभा चिरलेला कांदा लाल होईपर्यंत परतावा. आले-लसूण, तिखट, टोमॅटो घालून तेल सुटू द्यावे. दुधीच्या मोठ्या फोडी घालून झाकण ठेवून अर्धवट शिजवाव्यात. मग डाळ, मीठ आणि पाणी घालून उकळी आणावी. चिंचेचा कोळ शेवटी घालावा, आधी घातला तर दुधी शिजत नाही. घरात मटणाची हाडे असतील तर ती आधी वेगळी शिजवून त्याच पाण्यात दालचा करावा. पाव किलो हाडांत पाच माणसांना मटणाची चव येते.

खर्चाचा अंदाज : तूरडाळ १४० रुपये किलो धरली तर २१ रुपये, हरभराडाळ ९० ने ९, दुधी ४० ने २०, कांदे ६, टोमॅटो ८, तेल ६, चिंच-मसाला ८. एकूण ७८ रुपये. सोबत अर्धा किलो तांदळाचा भात, ५० रुपये किलोने २५. म्हणजे हाडे सोडून पाच जणांचे जेवण १०३ रुपयांत.

आता येथे थोडे थांबू. हीच तूरडाळ सेलमध्ये १२० ला, हरभराडाळ ७५ ला आणि तांदूळ ४२ ला मिळाला असता, तर या एका जेवणात किती वाचले असते? तीन रुपये, दीड रुपया आणि चार रुपये मिळून साडेआठ रुपये. उलट पातेल्यात एका माणसाचा दालचा उरला आणि सकाळी टाकून दिला, तर साडेपंधरा रुपये गेले. सेलने दिले त्याच्या जवळजवळ दुप्पट मोरीत गेले. सेलसाठी रांगेत तासभर उभे राहणारे आपण उरलेल्या वाटीकडे पाहत नाही. खरी बचत रांगेत कमी आणि पातेल्याच्या तळाशी जास्त असते.

२. अंडा-बटाटा तहारी

साहित्य : तुकडा तांदूळ अर्धा किलो, उकडलेली अंडी पाच, बटाटे तीन, कांदे तीन, टोमॅटो एक, हिरव्या मिरच्या चार, दही दोन चमचे, आले-लसूण, हळद, तमालपत्र, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, कोथिंबीर-पुदिना, तेल चार चमचे.

कृती : तांदूळ धुऊन वीस मिनिटे भिजवावा. तेलात खडा मसाला व कांदा लाल परतावा. आले-लसूण, मिरच्या, टोमॅटो, दही व हळद घालून बटाट्याच्या मोठ्या फोडी परताव्यात. एक वाटी तांदळाला पावणेदोन वाटी गरम पाणी घालून मीठ टाकावे. पाणी आटत आले की सोललेल्या अंड्यांना चिरा देऊन वर ठेवावीत, कोथिंबीर-पुदिना पसरावा आणि झाकण घट्ट लावून मंद आचेवर दहा मिनिटे दम द्यावा. लांब दाण्याचा महाग तांदूळ येथे लागत नाही. तुकड्याची तहारी बिर्याणीसारखी दिसत नाही, पण चवीला मागे पडत नाही. शुक्रवारच्या दुपारी पाहुणे आले तरी ती चालते.

३. जवळा-वांगे आणि भाकरी

हा पदार्थ किराण्याच्या यादीतला नाही, पण कोकणी घरांना तो वगळता येणार नाही. जूनपासून मासेमारी बंद असते आणि ताजी मासळी परवडत नाही, तेव्हा एप्रिल-मेमध्ये घेतलेला सुका जवळा कामी येतो. एक वाटी जवळा निवडून, कोरडा भाजून, दोन वेळा धुवावा. तेलात ठेचलेला लसूण आणि दोन कांदे परतावेत. तिखट, हळद, पाव किलो वांग्याच्या फोडी आणि दोन कोकमे घालावीत. वांगे शिजत आले की जवळा घालून पाच मिनिटे परतावे. मीठ चाखून घालावे, कारण जवळा मुळात खारट असतो. तांदळाच्या भाकरीबरोबर एवढे पुरे. शिधावाटपाच्या तांदळाचे पीठ दळून आणले तर भाकरी जवळजवळ दळणाच्या पैशात पडते.

४. डब्यांच्या तळाचा खिचडा

महिना संपताना प्रत्येक डब्यात मूठ-दोन मूठ उरते. ती कशातही पुरत नाही आणि पुढच्या सेलचा माल तिच्यावर ओतला जातो. कीड तेथूनच सुरू होते. म्हणून महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळे डबे रिकामे करावेत. दलिया २०० ग्रॅम, ज्या असतील त्या सगळ्या डाळी मिळून २०० ग्रॅम, तांदूळ १०० ग्रॅम. दलिया व हरभराडाळ दोन तास भिजवावी. सगळे एकत्र मऊ शिजवून घोटावे. दुसरीकडे कांदा, आले-लसूण, हिरवी मिरची, गरम मसाला परतून त्यात जमल्यास पाव किलो कोंबडी किंवा मटण शिजवून तोडावे. नसेल तर भिजवलेल्या सोयावड्या घालाव्यात. दोन्ही एकत्र करून अर्धा तास मंद आचेवर हलवत राहावे, खाली लागू देऊ नये. वरून तळलेला कांदा आणि लिंबू. या एका पदार्थाने पोट भरते, डबे साफ होतात आणि पुढच्या महिन्याची यादी खरी निघते.

५. कारागिरांच्या मेससाठी सोया खिमा

शिलाईच्या, जरीच्या किंवा पिशव्यांच्या कारखान्यांत आठ-दहा कारागीर एकत्र जेवतात. अशा दहा जणांसाठी : सोयाचुरा ३०० ग्रॅम, बटाटे एक किलो, कांदे अर्धा किलो, टोमॅटो ४०० ग्रॅम, तेल १०० मिलिलिटर, आले-लसूण-मिरची व मसाला. सोयाचुरा उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवून थंड पाण्यात दोनदा घट्ट पिळावा. पिळला नाही तर कच्चा वास राहतो आणि मग कारागीर नाक मुरडतात. मसाला चांगला भाजून, बटाट्याच्या बारीक फोडी घालून, मग सोया परतावा.

खर्च : सोया १६० रुपये किलोने ४८, बटाटे ३०, कांदे १५, टोमॅटो १६, तेल १४, मसाला २५. एकूण १४८. प्रत्येकी चार याप्रमाणे चाळीस चपात्यांना दीड किलो पीठ, ४० ने ६० रुपये. एकंदर २०८, म्हणजे माणशी २१ रुपयांच्या आत. बाहेरून पार्सल आणले तर एवढ्यात एकाचेही पोट भरत नाही. शिवाय जेवायला बाहेर गेलेला कारागीर तासाने परततो, ते वेगळे. मात्र मेसचा खर्च कमी झाला म्हणून मजुरीत कपात करू नये. वाचलेले पैसे आठवड्यातून एकदा चांगल्या मटणात घालावेत, कारागीर टिकतो.

६. शिळ्या चपातीचा चिवडा आणि रव्याचा शिरा

सकाळच्या चहाबरोबर रोज बाहेरचे पाव-बिस्किट आणणाऱ्यांनी रात्रीच्या उरलेल्या चपात्यांकडे पाहावे. चपात्या कुसकरून मोहरी, कांदा, मिरची, हळदीची फोडणी द्यावी, किंचित साखर आणि लिंबू पिळावे, दाण्याचे कूट असल्यास घालावे. गोडासाठी एक वाटी रवा दोन चमचे तुपात मंद आचेवर गुलाबी भाजावा, अडीच वाट्या गरम पाणी किंवा पाणी-दूध घालून वाफ आणावी, मग पाऊण वाटी साखर व वेलची. साखर आधी घातली तर रवा फुलत नाही.

किराणा दुकानदारांसाठी दोन शब्द

आपल्या वाचकांत अनेक जण स्वतः किराणा दुकान चालवतात. मोठ्या दुकानांच्या सेलपुढे टिकायचे कसे, असा त्यांचा प्रश्न असतो. भावात त्यांच्याशी झुंजता येणार नाही, हे मान्य करावे. पण काही गोष्टी मोठे दुकान करू शकत नाही.

ते पन्नास ग्रॅम जिरे आणि दोन अंडी देत नाही. रोजच्या कमाईच्या घराला महिन्याचा माल नको असतो, आठवड्याचा हवा असतो. पाच माणसांच्या आठवड्याच्या जेवणाला किती डाळ, किती तांदूळ, किती तेल लागते याची यादी दुकानात लावावी आणि तेवढाच माल समोर तोलून द्यावा. आधीच पुडे बांधून ठेवायचे असतील तर त्यांवर नाव, पत्ता, वजन, तारीख, किंमत हे सारे छापणे कायद्याने आवश्यक आहे, हे विसरू नये.

मुदत जवळ आलेला माल लपवू नये. 'आपा, या रव्याची मुदत पंधरा दिवसांत संपते. आठवड्यात संपवणार असाल तर घ्या, पाच रुपये कमी लावतो,' असे सांगणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक पुन्हा येते. मुदत संपलेला माल मात्र फळीवरून काढलाच पाहिजे. तो विकणे गुन्हाही आहे आणि बेइमानीही.

आणि खरेदी एकत्र करावी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला धान्याचा घाऊक बाजार मशीद बंदरहून वाशीला गेला. मुलुंड-ऐरोली पुलावरून भांडुपहून तो फार दूर नाही. एकट्या छोट्या दुकानदाराला टेम्पोचे भाडे परवडत नाही. चार-पाच दुकानदारांनी मिळून एक टेम्पो केला, आठवड्यातून एकदा माल आणला आणि पावतीवर वाटून घेतला, तर मधल्या दलालाचा वाटा वाचतो. ग्राहक पंचायतीच्या गृहिणींनी जे केले ते व्यापाऱ्यांना का जमू नये? अडचण टेम्पोची नाही, एकमेकांवरच्या भरवशाची आहे. भरवसा पक्क्या लेखी हिशेबाने वाढतो.

दोन गल्ले, दोन वह्या

शेवटी एकच सूचना. आजच दोन डबे करावेत, एक घराचा आणि एक धंद्याचा. रोज रात्री दुकान बंद करताना घराची ठरलेली रक्कम पहिल्या डब्यात टाकावी आणि किराणा फक्त त्यातूनच भरावा. सेल कितीही मोठा असो, दुसऱ्या डब्याला हात लावू नये. पहिल्या डब्यात महिनाअखेर जे उरेल त्यातून मंदीच्या दिवसांची बेगमी करावी. घरातील बायकांना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नसते. बहुधा त्याच आपल्याला तो अनेक वर्षे सांगत आल्या आहेत, ऐकले नाही ते आपण.

काटकसर म्हणजे कंजुषी नव्हे. मुलांच्या ताटात कमी वाढून पैसा वाचवायचा नसतो. ताटातले वाया जाऊ द्यायचे नाही, गल्ल्यातले अडकू द्यायचे नाही आणि वहीत उधारी चढू द्यायची नाही. एवढे ज्या घरात साधते, त्या घरात बरकत आणायला सेलच्या पाटीची वाट पाहावी लागत नाही.